अंगठ्याचे ३० टक्के

कामावर असताना अंगठा तुटला तर कामगाराची कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी गेली, असे आपला कायदा धरतो. तर्जनी गेली तर १४ टक्के, मधले बोट गेले तर १२. चारही बोटे गेली तर ५०, पंजा गेला तर ६०, आणि हात खांद्याच्या सांध्यातून काढावा लागला तर ९०. हा तक्ता १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला. पुढे त्या कायद्याचे नाव बदलून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. टक्केवारीची कल्पना मात्र तशीच पुढे आली आहे. हात उजवा होता की डावा, हे तक्ता विचारत नाही. तो सुताराचा होता, तबलजीचा होता की बँकेतल्या कारकुनाचा, याच्याशीही त्याला कर्तव्य नाही.

या बेफिकिरीला हसू नये. तिच्यामागे एक सौदा आहे. या कायद्याआधी जखमी कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि तेवढा पैसा व दम कोणाकडेच नसे. कायद्याने सांगितले की चूक कोणाची ते शोधू नका. कामामुळे आणि काम करताना अपघात झाला एवढे पुरे. त्या बदल्यात रक्कम मर्यादित आणि आधी ठरलेली असेल. पस्तिशीतल्या कामगाराचा हिशेब बघा. २०२० पासून महिन्याचे वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर १७,७३,५४० रुपये होतात. ७० टक्के धरले तर १२,४१,४७८. आकडेमोड मालकाला, विमा कंपनीला आणि कामगारालाही कागदावर करता येते. वाद उरतो तो एका प्रश्नाचा: ७० की १००? त्या एका प्रश्नावर वरच्या हिशेबात पाच लाखांहून जास्त रक्कम हलते.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला हात घातला तो डिसेंबर १९७५ मध्ये. एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. तक्त्याप्रमाणे ७० टक्के. कामगार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी मात्र पूर्ण अपंगत्व धरून ९,८०० रुपये मंजूर केले. मालकाचे म्हणणे असे की हात एकच गेला आहे, तक्ता समोर आहे, मग शंभर टक्के कुठून आणले? चार न्यायमूर्तींच्या पीठाने उत्तर दिले ते दोन-तीन वाक्यांत: सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून हा माणूस सुतार म्हणून पूर्ण निकामी झाला आहे. पुढच्या अर्धशतकातले बहुतेक निकाल याच वाक्यांवर उभे आहेत.

निकाल न्यायाचा होता यात मला शंका नाही. पण त्या दोन-तीन वाक्यांनी एक अडचण ओलांडली, ती सोडवली नाही. विमा कंपन्यांचे वकील आजही तीच उकरून काढतात आणि त्यांचा मुद्दा पोकळ नाही. कायद्याने पूर्ण अपंगत्वाची व्याख्या केली ती अशी की अपघाताच्या वेळी कामगार जी जी कामे करू शकत होता, त्या सगळ्या कामांना तो असमर्थ झाला पाहिजे. कायमच्या अंशतः अपंगत्वाबद्दलही कायदा 'प्रत्येक रोजगार' असेच म्हणतो. तात्पुरत्या अंशतः अपंगत्वाच्या वेळी मात्र तो फक्त त्या क्षणी चालू असलेल्या कामापुरते बोलतो. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना दोन्ही मापे ठाऊक होती आणि कायमच्या इजेसाठी त्यांनी समजून उमजून रुंद माप निवडले. सुतार अपघाताआधी रखवालदारी करू शकत होता, तिकिटे फाडू शकत होता, आणि एका हाताने तो ते अजूनही करू शकतो. मग 'सगळ्या कामांना असमर्थ' कसा?

याला उत्तर आहे, पण ते शोधावे लागते. वीस वर्षे रंधा आणि पटाशी चालवलेल्या माणसाची 'करता येणारी कामे' म्हणजे जगात असलेली सगळी कामे नव्हेत. त्याला मिळू शकणारी, त्याच्या अंगवळणी पडलेली, पोट भरतील अशी कामे ती. न्यायालयाने हे गृहीत धरले, लिहिले नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या खटल्यात तोच वाद पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो आणि उच्च न्यायालये कधी इकडे, कधी तिकडे झुकतात. २००८ मधले प्रकरण घ्या. टँकरचालकाचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत कापला गेला. आयुक्तांनी १०० टक्के धरले, उच्च न्यायालयाने ६५ वर आणले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा १०० केले. २०१९ मध्ये एका ट्रकचालकाच्या बाबतीत डॉक्टरांचा आकडा होता ३७ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कामाकडे बोट दाखवून १०० टक्के धरले. चालकांच्या बाबतीत चित्र आता बरेच स्पष्ट आहे. चालकाचा परवाना हा तसा सोपा पुरावा आहे: गाडी चालवता येते किंवा येत नाही.

अवघड माणसे पुढे येतात. टक्केवारीचा हाच प्रश्न मोटार अपघाताच्या दाव्यांतही येतो; तिथे २०१४ मध्ये एका भाजीविक्रेत्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. चोवीस वर्षांचा मुलगा, उजवा पाय कापला गेलेला. खालच्या पातळीवर विचार असा झाला होता की भाजी तर बसून विकता येते. वरवर बरोबर वाटते. ज्याने भाजी फक्त विकत घेतली आहे त्याला तर अगदीच बरोबर वाटेल. न्यायालयाने मात्र धंदा पुरता उलगडून पाहिला. भाजी आधी घाऊक बाजारातून किंवा शेतकऱ्याकडून आणावी लागते आणि पुष्कळदा हातगाडीवर घालून गल्लोगल्ली फिरवावी लागते. या धंद्याला पाय लागतात. न्यायालयाने ८५ टक्के धरले. पहाटे तीन वाजता वाशीच्या किंवा पुण्यातल्या मार्केट यार्डात गोणी खांद्यावर घेऊन पळणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे निकालपत्रातून कळायची गरज नाही. पण निकालपत्रात ते आले, याचे महत्त्व आहे. काम म्हणजे कामाचे नाव नव्हे. सकाळपासून रात्रीपर्यंत त्या माणसाचे शरीर काय काय करते, ते. अशा दाव्यांत न्यायालयाने विचारायचा पहिला प्रश्न हाच, आणि माझ्या मते भाजीवाल्याचा हा निकाल या विषयातला सर्वांत शहाणा निकाल आहे, जरी चर्चा दुसऱ्याच निकालांची होते.

आता त्याच्या शेजारी २०२० चा निकाल ठेवा. टंकलेखन आणि डेटा एन्ट्री करणाऱ्या तरुणाचा उजवा हात गेला. दाखल्यावर ८९ टक्के अपंगत्व. उच्च न्यायालयापर्यंत कमाईची हानी ४५ टक्के धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ६५ केली आणि न्यायालयांनी साचेबंद, कोत्या नजरेने न बघता जगण्याचे वास्तव बघावे असे बजावले. शब्द चांगले आहेत. पण ४५ चुकीचे असेल तर ६५ का बरोबर? ८० का नाही? एका हाताने टंकन करणारा माणूस किती वेगाने काम करतो, त्याला कोण आणि किती पगारावर ठेवतो, याचा हिशेब कुठेतरी मांडला असता तर आकडा पटला असता. तसा हिशेब नसेल तर आकडा न्यायाधीशांच्या सहृदयतेवर उभा राहतो, आणि सहृदयता खुर्चीगणिक बदलते. तक्त्याचे समर्थक नेमके इथेच बोट ठेवतात आणि इथे ते बरोबर आहेत.

या गोंधळाला थोडी शिस्त लावली होती ती त्याआधी, ऑक्टोबर २०१० मध्ये, मोटार अपघाताच्याच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी. शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ठणकावून सांगितले. आधी बघा की या इजेनंतर माणूस काय करू शकतो आणि काय नाही. मग त्याचे वय, त्याचा व्यवसाय आणि आधीचे काम बघा. शेवटी ठरवा की तो कोणताच रोजगार करू शकत नाही, की आधीचेच काम जमते आहे, की आधीचे गेले पण कमी मोबदल्याचे दुसरे काही जमेल. उदाहरणही त्यांनी दिले: डावा हात गेला तर चालक किंवा सुताराचे जवळपास सगळेच गेले, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकेल.

ही शिस्त दावेदाराच्या बाजूचीच आहे असे मानू नये. त्याच प्रकरणात दावेदाराकडे ४५ टक्क्यांचा दाखला होता. न्यायालयाने म्हटले की हे ४५ टक्के एका पायाचे आहेत. सगळ्या शरीराच्या मानाने निम्मे धरा. आणि हा स्वतःचा छोटा विक्रीचा धंदा करणारा माणूस, त्याची कमाईची हानी २० टक्के. ज्यांनी रुग्णावर उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरांनी हातोहात दिलेल्या दाखल्यांवर विसंबू नका, अशी तंबीही त्यात आहे. कोर्टाच्या आवारात दाखले कसे मिळतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती तंबी का द्यावी लागली ते सांगायला नको.

पण मग टक्केवारी ठरवायची कोणी? इथे दोन कायदे दोन दिशांना ओढतात. मोटार अपघाताच्या दाव्यात डॉक्टरांनी शरीराचे सांगायचे आणि कमाईचे न्यायाधिकरणाने ठरवायचे, हे २०१० च्या निकालाने पक्के केले. कामगार भरपाईत मात्र, इजा तक्त्यात नसेल तेव्हा, कमाईची हानी पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने ठरवावी असे १९२३ च्या कायद्याचे कलम ४ म्हणत असे, आणि तेही तक्त्यातली टक्केवारी डोळ्यांसमोर ठेवून. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका उच्च न्यायालयाला याच कारणावरून थांबवले होते: डॉक्टरांनी काम करण्याची क्षमता बघून आकडा दिला आहे, तर कारण न देता तुम्ही १०० टक्क्यांवर कसे गेलात? कलमाच्या भाषेप्रमाणे ते ठीक होते. व्यवहारात मात्र हा भार चुकीच्या खांद्यावर आहे. अस्थिरोगतज्ज्ञाला सांधा किती अंशात वळतो ते मोजता येते. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडताना दोन बोटांची चिमूट किती वेळा लागते, किंवा प्रेस मशीनवर पत्रा सरकवताना हाताला किती जोर लागतो, हे त्याला कोण सांगणार? त्याच्यापुढे येतो तो दहा मिनिटांसाठी एक रुग्ण आणि एक छापील फॉर्म.

या सगळ्यात एक प्रश्न आपल्याकडे जवळपास कोणी उघडपणे विचारत नाही: या माणसाला काम देणार कोण? आपला १९२३ चा कायदा ज्या ब्रिटिश कायद्यावर बेतला, त्या कायद्याखाली हा प्रश्न त्याआधीच निकाली निघाला होता. १९१२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एका कामगाराचे प्रकरण आले. त्याचा एक डोळा आधीपासूनच आंधळा होता, पण ते दिसून येत नसे. कामावरच्या अपघातात तोच डोळा काढावा लागला. काम करण्याची ताकद तसूभरही कमी झाली नव्हती; फक्त आता तो एकाक्ष आहे हे उघड दिसत होते आणि त्याला कोणी कामावर घेईना. लॉर्ड्सनी ठरवले की हीसुद्धा कामाची असमर्थताच आहे, कारण ज्याचे श्रम त्याच्या आवाक्यातल्या बाजारात कोणी विकत घेत नाही, त्याच्या अंगात ताकद असून उपयोग काय? त्याच सुमारास तिथल्या अपील न्यायालयाने आणखी एक मार्ग आखला. इजेमुळे सर्वसाधारण मजुरीच्या बाजारातून बाहेर पडलेल्या, एखाद्या खास जागीच खपू शकणाऱ्या माणसासाठी तशी जागा खरोखर आहे, हे मालकाने दाखवायचे.

आपल्याला हा विचार इंग्लंडपेक्षा कितीतरी अधिक लागू पडतो. ऊसतोडीचे उदाहरण घ्या. ऊसतोड मजूर कामगार भरपाईच्या कायद्यात कसा बसतो हा वेगळा वाद. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात तो मोटार वाहन कायद्याने न्यायाधिकरणापुढे येतोच. बीड किंवा अहिल्यानगरच्या गावातून मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने वाढे काढून मोळी बांधायची, मग दोघांनी मिळून मोळ्या ट्रकवर चढवायच्या. बायकोच्या हाताची पकड गेली तर दाखल्यावर ३० टक्के येतील. प्रत्यक्षात जोडी मोडते. नवऱ्याचे दोन्ही हात धडधाकट असूनही तो 'अर्धा कोयता' होतो, आणि अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धी, तीही मुकादमाची मर्जी असेल तर. हे नुकसान तक्त्यात नाही, दाखल्यात नाही, आणि दावेदाराच्या वकिलाने मुद्दाम पुराव्यात आणले नाही तर न्यायाधिकरणाच्या कानावरही जात नाही. बाईला 'घरकाम करणारी' म्हणून नोंदवले की संपलेच.

उलट बाजूला दोन हरकती वजनदार आहेत. पहिली पैशाची. इचलकरंजी-भिवंडीत आठ-दहा मागांचा मालक असतो. जुन्या कायद्याने त्याला विमा सक्तीचा केला नव्हता. तक्त्याप्रमाणे अंगठ्याचे पाच-सव्वापाच लाख कसेबसे देईल. न्यायालयाने पूर्ण अपंगत्व धरून सतरा लाख लावले तर माग विकेल, आणि पुष्कळदा कामगाराच्या हाती तरीही काही पडणार नाही. टक्केवारी उदार करण्याची किंमत विमा असलेल्यांपेक्षा विमा नसलेल्यांना जास्त बसते. पण या हरकतीचे टोक विम्याच्या सक्तीकडे वळते. कामगाराच्या हाताचा भाव कमी धरावा असे त्यातून निघत नाही.

दुसरी हरकत मला जास्त अस्वस्थ करते, कारण ती दिव्यांगांच्या हक्कांच्या चळवळीतून येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही की खालच्या पदावर आणता येणार नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्या. एक कायदा म्हणतो की हा माणूस अजून काम करू शकतो, त्याला जागा द्या. दुसऱ्या कायद्यापुढे त्याच माणसाला आपण पूर्ण निकामी आहोत हे शपथेवर सांगावे लागते, आणि जितके जास्त निकामी तितके पैसे जास्त. एसटीच्या चालकाचा पाय गेला तर तो आगारात बसून पगार घेतो. खासगी टँकरचा चालक तोच पाय घेऊन घरी बसतो. दोघांची इजा एक, कमाईची हानी सारखी नाही, आणि फरक पडला तो मालक कोण होता यामुळे. मग भरपाईतही फरक करावा का? मी म्हणेन, करावा. कारण ही भरपाई कमाईची आहे. पाय गेल्याचे दुःख, उरलेल्या आयुष्यातली गैरसोय यांसाठी मोटार दाव्यात वेगळे शीर्षक आहे आणि त्यात एसटीवाल्यालाही पुरेसे मिळायला हवे. कामगार भरपाईच्या कायद्यात तसे शीर्षकच नाही, ही त्या जुन्या सौद्यातली उणीव.

या सगळ्याचा तोल काढताना माझा कौल कामाकडे बघणाऱ्या निकालांच्या बाजूने पडतो, पण एका अटीवर. तक्त्याचा आकडा किमान धरावा. त्याखाली कोणी जाऊ नये. त्यापुढे, नेहमीचे काम गेले हे कामगाराने दाखवले की पूर्ण हानी गृहीत धरावी, आणि ती कमी करायची असेल तर मालकाने किंवा विमा कंपनीने सांगावे: कोणते दुसरे काम, कुठे, किती रुपये रोजाने, आणि ते देणारा कोण. 'रखवालदारी करू शकतो' एवढे म्हणून चालणार नाही. जागा दाखवली, ती खरी निघाली, तर हानी तेवढी कमी धरावी. इथे दिव्यांग हक्कांचा कायदाही पोटात घेतला जातो, कारण मालकाला माणूस कामावर ठेवण्यात फायदा दिसू लागतो. यात धोका आहे हे उघड आहे: निकाल लागेपर्यंत नोकरी द्यायची आणि मग काढून टाकायचे, असे मालक निघतील. कायमच्या इजेची भरपाई एकरकमी असते. एकदा ठरली की पुन्हा उघडत नाही. म्हणून दाखवलेली नोकरी टिकाऊ आहे का, हे आयुक्तांनी तपासले पाहिजे, नाहीतर ती नजरेआड करावी.

हे सारे पहिल्याच आदेशात व्हायला हवे, कारण पुढे वाट अरुंद आहे. कामगार भरपाईच्या आदेशावर उच्च न्यायालयात अपील होते ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच. तथ्यांबाबत आयुक्तांचा शब्द शेवटचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये छापून आलेल्या निकालात पुन्हा बजावले आहे. म्हणजे भाजीवाला घाऊक बाजारात जातो का, जोडी कोण आणि मोळी कोण चढवतो, हे पहिल्या सुनावणीत नोंदले गेले नाही तर नंतर ते कोणी विचारणार नाही. नव्या संहितेखाली आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी येतात आणि राज्यांचे नियम व नमुने नव्याने बनतात. महाराष्ट्राच्या दाव्याच्या नमुन्यात इजेच्या तपशिलाला जेवढी जागा असेल, निदान तेवढीच जागा 'अपघाताच्या आदल्या दिवशी काय काय काम केले' या रकान्याला द्यावी, आणि तो रकाना कामगाराच्या तोंडून, त्याच्या भाषेत भरून घ्यावा.